मोठे पापुद्रे

आमच्या प्रयोगशाळेत ताईला ताई म्हणायला सुरुवात झाली ती तिची सख्खी बहीण नोकरीला लागल्यावर. त्याआधी बावीस वर्षं ती 'गरगरे काकू' होती. आडनाव निराळंच होतं, पण दिवसभर ती ज्या यंत्रापाशी उभी असायची ते यंत्र नळ्या गरगर फिरवायचं, म्हणून कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. तिला ते आवडायचं. 'ताई' मात्र कधीच आवडलं नाही, कारण ताई म्हटलं की पाठोपाठ धाकटी आलीच.

मी त्याच मजल्यावर, शेजारच्या खोलीत सूक्ष्मदर्शकावर बसते. मला सगळे दुर्बीणवाली म्हणतात. दुर्बीण लांबचं बघायला असते हे सांगून मी थकले. ताईचं आणि माझं काम एकमेकींत अडकलेलं होतं. तिनं निवडायचं आणि मी मोजायचं.

निवडायचं काय, तर पापुद्रे. पेन्सिलीच्या शिशात असतं ते ग्रॅफाइट तीव्र आम्लात घालून त्याचे थर सुटे केले की ग्राफीन ऑक्साइड मिळतं. बाटलीत ते कोऱ्या चहासारखं तपकिरी दिसतं. पण त्या पाण्यात अब्जावधी पापुद्रे तरंगत असतात. जाडीला अणू-दोन अणूंचे आणि रुंदीला वाटेल तसे, कुणी केसाच्या जाडीच्या निम्मा, तर कुणी त्याच्याही शंभराव्या हिश्श्याएवढा. सगळे एकत्र कालवलेले. ज्यांना पाणी गाळायचा पडदा बनवायचा असतो त्यांना मोठे लागतात, कारण मोठ्यांचा पडदा मजबूत होतो आणि फटी कमी राहतात. ज्यांना शरीरात औषध पोचवायचं असतं त्यांना बारके लागतात. कालवलेले कुणालाच नको असतात.

ताई ते वेगळे करायची. नळ्या भरायच्या, समोरासमोरच्या नळ्यांचं वजन तंतोतंत जुळवायचं, यंत्र आधी हळू फिरवायचं. सगळ्यात मोठे तळाशी बसतात. वरचं पाणी अलगद ओतून घ्यायचं, वेग वाढवायचा, पुन्हा फिरवायचं. मग मधले बसतात. असं करत करत चार दिवसांत एका घाण्यातून पाच बाटल्या निघायच्या, मोठ्यांपासून बारक्यांपर्यंत. ओतताना हात जरा थरथरला तर तळ ढवळला जायचा आणि दिवस वाया. तिचा हात थरथरत नसे. नवीन आलेल्या संशोधकांना ती ओतून दाखवायची तेव्हा ती पोरं श्वास धरून बघायची, आणि ताई मुद्दाम जास्तच सावकाश ओतायची.

बाटली हातात घेऊन खिडकीपाशी एक हिसका द्यायची तिची सवय होती. मोठे पापुद्रे असले की पाण्यात रेशमाच्या लडीसारखे चमकदार पट्टे फिरतात. ते बघून ती आकडा सांगायची. मी दोन तास मोजून तोच आकडा काढायची. "कशाला डोळे फोडून घेतेस," ती म्हणायची, "मला विचारायचं."

घरी ती, घड्याळं दुरुस्त करणारा नवरा आणि आई. मुलगी दुसऱ्या गावी शिकत होती. आई अकरा वर्षं ताईकडेच होती. तिच्या डोळ्यांत थेंब घालणं, तिची नखं कापणं, तिच्या औषधांच्या वेळा, सगळं ताईकडे. आणि संध्याकाळी ताई घरात पाऊल टाकते न टाकते तोच आईचा प्रश्न ठरलेला असायचा. "धाकटीचा फोन आला होता का गं तुला?"

धाकटी सहा वर्षांनी लहान. ताईनं मला तिच्याबद्दल जेवढं सांगितलं त्यात एकही वाईट गोष्ट नव्हती, पण सांगताना तिचा आवाज असा यायचा जसा दुखऱ्या दातावरून जीभ फिरवताना येतो. धाकटी दिसायला चांगली, गळा चांगला, बोलण्यात गोडवा. शाळेत ताई रात्रंदिवस घोकून दुसरी यायची आणि धाकटी न घोकता नापास व्हायची, तरी पाहुणे आले की आई धाकटीलाच पुढं करायची. तिनं कॉलेज अर्धवट सोडलं तेव्हा आई म्हणाली, तिचं मन रमत नव्हतं. ताईला एकदा पेपर अवघड गेला तेव्हा आई म्हणाली, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.

धाकटी एका लहान शाळेत चित्रकला शिकवायची. ती शाळा बंद पडली. आई ताईच्या मागं लागली. "तिला तुझ्याकडे लावून घे ना. तू एवढी जुनी आहेस तिथं." ताईनं महिनाभर टाळलं. मग शेवटी आमच्या प्रमुखांकडे गेली. उंचीनं ठेंगणे असल्यामुळेच की काय, त्यांना सगळे मोठे सर म्हणत. काचेची भांडी धुवायला आणि तयार झालेला माल पाण्यानं धुवून त्यातलं आम्ल काढायला माणूस हवंच होतं. सरांनी एका वर्षाच्या कंत्राटावर धाकटीला घेतलं.

पहिल्या आठवड्यात धाकटीनं तीन चंचुपात्रं फोडली आणि एकदा हातमोजे उलटे घालून दुपारपर्यंत फिरली. ताईनं दोन चंचुपात्रं आपल्या हातून फुटली म्हणून सांगितलं. तेव्हा तिला बरंच वाटत होतं. फोडणारी धाकटी आणि सावरणारी ताई, हे तिच्या ओळखीचं होतं.

पण महिन्याभरात चहाची जागा बदलली. आधी सगळे ताईच्या टेबलापाशी जमायचो. आता धुलाईच्या खोलीत जमू लागलो. तिथं बसायला धड जागा नव्हती, ओल होती, तरी सगळे तिथंच. धाकटी नकला करायची. सरांची, पहारेकऱ्याची, आमच्या रुसणाऱ्या झेरॉक्सच्या यंत्राची. पहारेकरी तिच्यासाठी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं कापून ठेवू लागला; ताईला बावीस वर्षांत त्यानं कधी वर्तमानपत्राचा कागदही दिला नव्हता. एके दिवशी मीही माझी खुर्ची उचलून तिकडं नेली. जाताना ताईनं विचारलं, "खुर्चीसुद्धा?" मी म्हटलं, तिथं बसायला नाही काही. ती म्हणाली, "ने. ने की. खुर्चीला काय, चार पाय आहेतच."

मग ती गोष्ट घडली. जोडून सुट्ट्या आल्या होत्या. धाकटीनं एक बाटली अर्धवट धुतलेली तशीच मांडणीवर ठेवली आणि घरी गेली. तिच्यात आम्ल थोडं राहून गेलं होतं. चार दिवसांनी आली तर तळाशी गडद थर बसलेला आणि वर फिकट पाणी. दुसरी कुणी असती तर गुपचूप ढवळून टाकलं असतं. धाकटीला लाज वाटली नाही. ती बाटली घेऊन माझ्याकडे आली.

"हे आपलं आपणच कसं गं बसलं? ताई तर यंत्रावर दिवसच्या दिवस फिरवते, तेव्हा कुठं बसतं."

मी तळातला एक थेंब आणि वरचा एक थेंब घेऊन काचेच्या चकत्यांवर सुकवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले. खालच्या चकतीवर सगळे मोठे. पसरलेल्या चादरींसारखे, एकापेक्षा एक. वरच्यावर नुसता भुगा. इतके स्वच्छ निवडलेले पापुद्रे मी त्या खोलीत तोवर पाहिले नव्हते, ताईच्या बाटलीतही नाही. मी सरांना बोलावलं.

सर बराच वेळ वाकून बघत राहिले. मग धाकटीला समजेल अशा भाषेत त्यांनी सांगितलं. पापुद्र्याच्या काठावर विद्युतभार असतो, तोच त्याला पाण्यात तरंगत ठेवतो. आम्ल तो भार मारून टाकतं. मोठ्याला अंगाच्या मानानं काठ कमी, म्हणून त्याचा आधार आधी सुटतो आणि तो खाली बसतो. बारका नुसता काठच काठ, तो तरंगत राहतो. आम्ल किती ठेवायचं ते जमलं की झालं. यंत्र नको, वीज नको, बाटलीच्या जागी पिंप ठेवलं तरी चालेल.

"मी काही केलं नाही सर," धाकटी म्हणाली. "मी फक्त विसरले."

सगळे हसले. ताई दारात उभी होती. तीही हसली.

त्या हसण्याआड काय चाललं होतं ते तिनं मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. तिनं तसा बसलेला थर बावीस वर्षांत कितीतरी वेळा पाहिला होता. अर्धवट धुतलेल्या बाटल्या तिच्याकडेही यायच्या. थर दिसला की ती समजायची, माल बिघडला, आणि जोरात हलवून परत यंत्राला लावायची. धाकटीनं जे एकदा पाहून विचारलं ते तिनं शंभरदा पाहून पुसून टाकलं होतं. "दुसऱ्या कुणी शोधलं असतं तर मी स्वतःलाच चार शिव्या देऊन गप्प बसले असते," ती म्हणाली. "पण तिनं?"

सरांनी धाकटीला धुलाईतून काढून खिडकीजवळचं टेबल दिलं. बाटल्यांवर चिठ्ठ्या लागल्या, 'धाकटीची रीत, एक', 'धाकटीची रीत, दोन'. पाणी गाळायची यंत्रं बनवणारे काही लोक सव्वा महिन्यानं बघायला येणार होते. सर म्हणाले, तोवर एक मोठी बाटली तयार करून मोजून ठेवू आणि त्यांना तीच दाखवू.

घरी आईनं शेजारीपाजारी सगळ्यांना सांगितलं की माझ्या धाकटीनं शोध लावला. ताई तिच्या डोळ्यांत थेंब घालत होती तेव्हा आई वर बघत म्हणाली, "तू इतकी वर्षं तिथंच होतीस ना गं?" तिनं ते कुजकेपणानं म्हटलं नसावं. म्हाताऱ्या माणसाला पडलेला साधा प्रश्न. ताईच्या हातून एक थेंब आईच्या गालावर पडला.

त्यानंतरच्या आठवड्यात आमच्याकडच्या एका कारकुनाचा निरोपसमारंभ होता. दुपारी तीनला सगळे सभागृहात गेले. ताई म्हणाली, यंत्र चालू आहे, थांबलं की येते. यंत्र खरंच चालू होतं. पण ते थांबल्यावर ती सभागृहाकडे गेली नाही. धाकटीच्या टेबलाकडे गेली. उद्या माझ्याकडे मोजायला यायची ती बाटली तिनं उचलली, खिडकीपाशी नेली आणि सवयीनं हिसका दिला. पाण्यात लडीच्या लडी फिरल्या. तिला वाटलं होतं थोड्या तरी कमी असतील.

कोपऱ्यात ध्वनिलहरींचं भांडं असतं. स्टीलचा डबा, त्यात पाणी. चालू केला की बारीक गुणगुणतो आणि त्यात बुडवलेली काच साफ होते. पापुद्रे मात्र त्यात फाटतात. आमच्याकडे कुणाला मुद्दाम बारके करून हवे असले की आम्ही बाटली त्यातच ठेवतो. ताईनं धाकटीची बाटली त्यात ठेवली आणि पाऊण तासावर काटा फिरवला. पाऊण तास ती शेजारी उभी होती. "मधे केव्हाही बंद करता आलं असतं," ती मला म्हणाली. "बटण हाताशीच होतं. मी बघत होते त्याच्याकडे."

नंतर बाटली पुसून, जशी होती तशी, चिठ्ठी समोर येईल अशी ठेवली. रंग तोच, पाणी तेवढंच. मग ती सभागृहात आली आणि तिनं केक खाल्ला. धाकटीनं तिच्यासाठी एक तुकडा बाजूला काढून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी मला चकतीवर एकही मोठा पापुद्रा दिसला नाही. मी तीनदा थेंब बदलून पाहिलं. सर वैतागले. धाकटीचा चेहरा पडला. "मी तेच केलं होतं सर, अगदी तेच." सर म्हणाले, पुन्हा करा, अजून तीन आठवडे आहेत.

त्या संध्याकाळी धाकटी ताईच्या टेबलापाशी येऊन बसली. कितीतरी दिवसांनी. चहाचे दोन कप घेऊन आली होती, पण तिचा तसाच राहिला.

"ताई, तू बघ ना, माझं काय चुकतंय. तुझ्या हाताला कळतं हे सगळं."

"होतं असं पहिल्या पहिल्यांदा," ताई म्हणाली.

"मला वाटलं होतं, एकदा तरी माझ्या हातून काहीतरी तुझ्यासारखं नीट होईल." धाकटी रडायला लागली. "आई माझं कौतुक करते गं, पण राहते तुझ्याकडे. माझ्याकडे चार दिवस आली होती तर गोळ्यांची डबी उशाखाली घेऊन झोपायची. माझ्यावर तिचा भरवसाच नाही."

ताईनं यातलं पहिलं अर्धंच ऐकलं. आई माझं कौतुक करते. बाकीचं तिला पुष्कळ उशिरा ऐकू आलं. पण तिनं धाकटीच्या पाठीवरून हात फिरवला, तिला आम्ल मोजायच्या पट्ट्या दाखवल्या, बाटली कुठं ठेवावी ते सांगितलं. आणि तिला फार बरं वाटलं. कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं. धाकटी खाली बसलेली, आपण उभं राहून समजावतोय.

ते बरं वाटणं टिकावं म्हणून तिनं दुसरी बाटलीही फाडली. या वेळी जेवायच्या सुटीत. कुणी आलं तर काय सांगायचं तेही ठरवून ठेवलं होतं. कुणी आलं नाही.

दुसऱ्यांदा भुगा निघाल्यावर सरांनी निर्णय घेतला. पाहुण्यांना जुनीच रीत दाखवायची, यंत्रावरची. ताईनं फिरवून, ओतून दाखवायचं. आणि धाकटीचं कंत्राट महिन्याअखेर संपत होतं. वाढवायला आता काही कारण दिसत नाही, असं ते आमच्या दोघींसमोर म्हणाले. ताईनं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ती पांढरा डगला इस्त्री करून आली.

मला मात्र चैन पडेना. रीत फसली असती तर मोठे आणि बारके एकत्र दिसायला हवे होते. इथं मोठा औषधालासुद्धा नव्हता. तळात मोठेच नाहीत असं कसं होईल? आणि जे तुकडे होते त्यांच्या कडा दातेरी होत्या, फाडलेल्या वर्तमानपत्रासारख्या. तसे तुकडे मी ओळखते. मला कळलं होतं, आणि कुणी केलं असेल तेही कळलं होतं. मी दोन दिवस गप्प बसले. पंधरा वर्षं आम्ही एकत्र डबा खात होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ताईला माझ्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"जरा बघ."

ती वाकून बघत राहिली. मी म्हटलं, "ताई, यातले मोठे गेले कुठं?"

ती डोळा न काढता म्हणाली, "फाटले."

"कसे?"

चकती मीच हळूहळू सरकवत राहिले. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नुसते तुकडे.

"तू सांगणार आहेस?" तिनं विचारलं.

"नाही. मला ते जमायचं नाही."

"मग कशाला दाखवलंस?"

"मी एकटीनंच किती दिवस बघायचं?"

ती उठली. बाहेर जाताना दाराला धडकली, इतकी सरळ चालणारी बाई. तासाभरानं ती सरांच्या खोलीत गेली. दोन्ही बाटल्या मी बिघडवल्या, मुद्दाम, असं तिनं सांगितलं. सर आधी समजलेच नाहीत. त्यांना वाटलं, चुकून काही सांडलं असेल. मग समजल्यावर त्यांनी एकच विचारलं, "का?"

"मला बघवलं नाही."

सर आवाज चढवणारे नव्हते. ते म्हणाले, "बहिणीला तुम्ही सांगायचं. मी नाही. आणि आजपासून त्या यंत्राला तुमचा हात लागणार नाही."

धाकटी धुलाईच्या खोलीत परत भांडी धूत होती. ताईनं दारातूनच सांगितलं. नळ वाहत होता, म्हणून तिला दोनदा सांगावं लागलं. धाकटी हातातलं चंचुपात्र आतून विसळत राहिली.

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

"मी तुझ्यापुढं रडले होते. दुसरी बाटली त्याच्या आधी की नंतर?"

ताई खोटं बोलू शकली असती. "नंतर," ती म्हणाली.

धाकटीनं नळ बंद केला, पात्र उलटं घालून ठेवलं, हात पुसले आणि ताईच्या अंगावरून बाहेर निघून गेली. पुढं सव्वातीन महिने ती ताईशी एक अक्षर बोलली नाही.

पाहुणे आले. धाकटीनं मध्यंतरात नवी बाटली केली होती. ती रोज संध्याकाळी कुलपात ठेवायची आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्याला लावायची. बाटली चांगली निघाली. पाहुण्यांनी पिंपभर मागितलं. धाकटी कायम झाली. ताईला तळमजल्यावरच्या भांडारात बसवलं, जिथं खोकी येतात आणि खोकी जातात. वरच्या यंत्रावर प्लास्टिकचं आच्छादन आलं.

आईला कुणी सांगितलं ते कळलं नाही. बहुधा धाकटीनं नाही. ती त्या बाबतीत कुणाशीच बोलत नव्हती. आई दोन दिवस ताईशी जेवणापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "माझी बॅग काढ. मी थोडे दिवस धाकटीकडे राहते."

"तिथं तुझ्या थेंबांच्या वेळा कोण बघणार?"

"तिला सांग काय काय असतं ते. लिहून दे."

ताईनं एका मोठ्या कागदावर सगळं लिहिलं. कुठला थेंब कुठल्या डोळ्यात, कुठली गोळी जेवणाआधी. लिहिताना तिला वाटत होतं की आठवड्याभरात आई परत येईल, धाकटीला झेपायचं नाही. आठवडा गेला, महिना गेला. धाकटीला झेपलं. आई उशाखाली गोळ्यांची डबी घेऊन झोपते का, हे ताईला विचारायचं होतं, पण विचारणार कुणाला? नवऱ्यानं एकदा जेवताना म्हटलं, घर शांत वाटतं, नाही? ताई ताट तसंच टाकून उठली.

दर रविवारी ती आईला भेटायला जायची. धाकटी दार उघडायची आणि आत निघून जायची. आईच्या खोलीतली मांडणी ताई बारकाईनं बघायची. खिडकीशी खाट, हाताला पोचेल अशी पाण्याची बाटली, औषधांचा तो कागद भिंतीला चिकटवलेला. आईची नखं कापलेली असायची. नीट, गोल. "कुणी कापली?" ताईनं एकदा विचारलं. आई म्हणाली, "कोण कापणार?"

चौथ्या महिन्यातल्या एका रविवारी आई झोपली होती. ताई निघायला उठली तेव्हा धाकटी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"पिंपात नीट निवडलं जात नाहीये," ती म्हणाली. "बाटलीत जमतं. पिंपात मोठ्यांबरोबर बारकेही खाली येतात."

ताईनं चपला घालता घालता विचारलं, "घट्ट करतेस का?"

"जागा कमी पडते म्हणून जरा घट्ट ठेवते."

"मग येणारच. गर्दीत बारक्यांना बाजूला व्हायला वाव मिळत नाही, मोठे त्यांना दाबत खाली आणतात. यंत्रावरही व्हायचं तसं. पाणी तिप्पट कर. एकदा बसलं की वरचं ओत आणि परत पाणी घालून बसू दे."

"बरं," धाकटी म्हणाली आणि दार लावून घेतलं.

ताई मला म्हणाली की घरी पोचेपर्यंत ती संतापलेली होती. बावीस वर्षांत कमावलेलं चपला घालता घालता देऊन टाकलं. चुकीचं सांगता आलं असतं. निम्मंच सांगता आलं असतं. आणि धाकटीनं किती सहज मागितलं, जणू मीठ मागावं. "मी बरोबर सांगितलं याचंही मला धड बरं वाटेना," ती म्हणाली. "तू म्हणशील हिचा मत्सर गेला. गेला नाही. आईची नखं बघितली की अजून टोचतं. फक्त हात आवरता येतो आता."

पिंपाचं काम जमलं. सोमवारच्या बैठकीत सरांनी विचारलं, हे कसं सुचलं, तेव्हा धाकटी म्हणाली, "ताईनं सांगितलं." मग सरांनी पुढचा विषय घेतला.

मी जेवायच्या सुटीत डबा घेऊन भांडारात उतरले आणि ताईला ते सांगितलं. ती एका खोक्याची चिकटपट्टी कापत होती. कात्री थांबली.

"सगळ्यांसमोर म्हणाली?"

"हो."

"हसून म्हणाली की नुसती?"

मी आठवून पाहिलं. "नुसती," मी म्हटलं.

ताईनं मान हलवली, उरलेली पट्टी कापली आणि आम्हाला बसायला जागा व्हावी म्हणून खोकं पायानं बाजूला सरकवलं.